प्रोपेन-निर्बंध, बोगद्यांतील

मोटारीमागे ट्रॅव्हल ट्रेलर (ओढून न्यायची घरगाडी) जोडून निघालेल्या प्रवाशाने शेगडी, गरम पाणी, खोलीची ऊब व फ्रीज यांसाठी सोबत घेतलेले प्रोपेनचे सिलिंडर काही बोगद्यांतून नेण्यावर असलेली बंदी किंवा मर्यादा. हे निर्बंध मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, आणि तेथेही पूर्व किनाऱ्यावरील पाण्याखालच्या बोगद्यांत आढळतात. यूरोपात याच प्रश्नाची मांडणी निराळी आहे. उंची, रुंदी व लांबी यांवरून मोठ्या गाड्यांना घातलेल्या मर्यादांशी या निर्बंधांची अनेकदा गल्लत होते. तो विषय वेगळा असून येथे घेतलेला नाही.

वायू व सिलिंडर : प्रोपेन कोणी शोधला याविषयी संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सलँ बेर्तलो यांनी १८५७ मध्ये तो प्रयोगशाळेत मिळवला, तर एडमंड रोनल्ड्स यांना १८६४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील हलक्या खनिज तेलात तो विरघळलेला आढळला. अमेरिकी लेखनात मात्र हा मान सामान्यतः वॉल्टर स्नेलिंग यांना दिला जातो. त्या वेळचे पेट्रोल साठवणीत चटकन उडून जात असे. त्याचे कारण शोधताना, १९१० च्या सुमारास, स्नेलिंग यांनी त्यातला हा बाष्पनशील घटक वेगळा केला. १९१३ मध्ये त्यांना यासंबंधी पेटंट मिळाले. पदार्थाचा शोध बेर्तलो यांचा आणि इंधनाचा स्नेलिंग यांचा, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. स्नेलिंग यांनी हे काम अमेरिकेच्या खाणकाम विभागात केले. पुढे दहा-अकरा वर्षांनी बोगद्यातील हवेचे पायाभूत प्रयोगही याच विभागाच्या मदतीने झाले. त्यांचा उल्लेख खाली येईल.

प्रोपेनचा उकळबिंदू उणे ४२° से. आहे. म्हणून सिलिंडरात तो दाबाखाली द्रवरूपात राहतो आणि बाहेर येताच सुमारे २७० पट फुगून वायू होतो. हा वायू हवेच्या दीडपट जड असतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण २·१ ते ९·५ टक्के असेल तेवढ्यातच तो पेट घेतो. त्याला स्वतःचा वास नसल्याने गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन मिसळतात. आपल्याकडे गॅस गळल्यावर नाकाला झोंबणारा वास याच जातीच्या गंधकयुक्त संयुगांचा.

ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी दांड्यावर, मोटारीच्या मागच्या काचेतून दिसतील असे, एक किंवा दोन सिलिंडर उभे बसवलेले असतात. ते सहसा २० पौंडी (सु. ९ किग्रॅ.) किंवा ३० पौंडी (सु. १३·६ किग्रॅ.) असतात. भारतातील घरगुती सिलिंडरात १४·२ किग्रॅ. वायू असतो, म्हणजे ३० पौंडी सिलिंडर आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडराएवढाच झाला. दोन्ही सिलिंडरांच्या मध्ये रेग्युलेटर असतो. त्याच्या छोट्या खिडकीत हिरव्याच्या जागी लाल रंग दिसला की वापरातला सिलिंडर संपला असे समजायचे. सिलिंडर ८० टक्क्यांपर्यंतच भरतात, कारण उन्हात द्रव प्रसरण पावतो व त्याला जागा लागते. जादा भरणा रोखणारी झडप नसलेले छोटे सिलिंडर अमेरिकेत एप्रिल २००२ पासून भरून मिळत नाहीत. आतला दाब दर चौरस इंचास सुमारे ३७५ पौंडांवर गेला, तर सुरक्षा-झडप उघडून वायू बाहेर सोडते. मोकळ्या माळावर ही झडप जीव वाचवते. बंदिस्त जागेत मात्र तोच वायू भोवती साठत जातो.

बोगद्यात धोका का वाढतो : या मुद्द्यावर लोकप्रिय लेखनात बरीच ढोबळ विधाने सापडतात, म्हणून थोडे विस्ताराने. ३० पौंडी सिलिंडर पूर्ण गळला तर सामान्य तापमानाला सात घनमीटरांहून थोडा अधिक वायू होतो. तो हवेत मिसळत जाऊन पेट घेण्याच्या नीचतम मर्यादेशी येईल तेव्हा सुमारे ३५० घनमीटर ज्वालाग्राही मिश्रण तयार झालेले असेल. दोन मार्गिकांच्या बोगद्याचा छेद ४० चौ. मी. धरला, तर बोगद्याचा जेमतेम नऊ मीटर लांबीचा तुकडा त्याने भरेल. हा आकडा लहान दिसतो. प्रत्यक्षात वायू असा समान पसरत नाही. तो जमिनीलगत राहतो आणि पाण्यासारखा उताराच्या दिशेने सरकतो.

येथे बोगद्याची घडण निर्णायक ठरते. डोंगरातील पुष्कळ बोगद्यांचा उतार एका किंवा दोन्ही तोंडांकडे असतो. नदी वा बंदर यांच्या तळाखालचा बोगदा मात्र झोळीसारखा मध्ये खाली गेलेला असतो. झिरपलेले पाणी या सखल भागातील टाकीत जमते व पंपाने उपसले जाते. हवेहून जड वायूही तेथेच उतरतो. शिवाय न्यूयॉर्कच्या हॉलंड बोगद्यापासून रूढ झालेल्या आडव्या वायुवीजनात ताजी हवा रस्त्याच्या कडेने आत येते आणि दूषित हवा छतातून ओढली जाते. ही योजना मोटारींचा गरम धूर बाहेर काढण्यासाठी आखलेली आहे. ताजी हवा वायूला विरळ करते हे खरे, तरी फरशीवर रेंगाळणारा थंड, जड वायू छतातून उचलला जाणे हे तिचे मूळ काम नव्हते.

निर्बंधांवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की, ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या टाकीत ८०-९० लिटर पेट्रोल असते व त्यातील उष्णता एका सिलिंडराच्या चौपटीहून अधिक भरते. मग पेट्रोल चालते आणि प्रोपेन का चालत नाही? हिशेब बरोबर आहे. परंतु पेट्रोल सांडून, पसरून जळते. आगीत सापडलेल्या सिलिंडराचा पत्रा वरच्या, द्रव नसलेल्या भागात तापून मऊ पडतो व फाटतो, आणि आतला उकळता द्रव एका क्षणात बाहेर पडून अग्निगोल होतो. दुसऱ्याच कुठल्या गाडीला लागलेल्या आगीत हे घडू शकते. बोगद्यात अडकलेले प्रवासी व आत शिरणारे अग्निशामक जवान यांना त्या वेळी बाजूला व्हायला जागा नसते. आक्षेपाचे खरे उत्तर हेच होय. केवळ गळतीच्या भीतीवर बंदीचे समर्थन उभे करता येत नाही.

निर्बंधांचा उगम : ही बंदी १३ मे १९४९ रोजी हॉलंड बोगद्यात लागलेल्या आगीतून आली, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. कार्बन डायसल्फाइड या अतिज्वालाग्राही द्रवाची ८० पिंपे घेऊन न्यूजर्सीकडून न्यूयॉर्ककडे निघालेल्या ट्रकवर त्या सकाळी स्फोट झाला. मागचे ट्रक पेटले, छत व भिंतींचा मोठा भाग कोसळला. ६६ जण जखमी झाले आणि धुराने बाधलेला एक अग्निशामक अधिकारी काही महिन्यांनी मरण पावला.

या आगीने देशाचे लक्ष वेधले हे निर्विवाद आहे. तथापि तिला उगम मानण्यात दोन अडचणी आहेत. पहिली अशी की त्या ट्रकात प्रोपेन नव्हते. दुसरी अधिक महत्त्वाची : तो माल बोगद्याच्या तेव्हाच्या नियमांचा भंग करूनच आत आला होता. म्हणजे घातक मालाला मज्जाव आधीपासून होता. हा बोगदा १३ नोव्हेंबर १९२७ रोजी खुला झाला. तत्पूर्वी खाणकाम विभागाने पेनसिल्व्हेनियातील ब्रुस्टन येथे प्रायोगिक बोगदा बांधून त्यात मोटारी फिरवल्या होत्या व कार्बन मोनॉक्साइड माणसाला किती सोसतो हे तपासले होते. त्यावरून चार इमारतींत ८४ पंखे बसवून दर दीड मिनिटाला सगळी हवा बदलण्याची सोय झाली. अभियंता क्लिफर्ड हॉलंड व त्यांच्यानंतर आलेले मिल्टन फ्रीमन हे दोघेही काम चालू असतानाच वारले. ओले सिंगस्टाड यांनी ते पुरे केले. हवेची एवढी काळजी वाहणाऱ्यांनी मालाचा विचार केला नसेल हे संभवत नाही. १९४९ च्या आगीने जुन्या नियमांना धार आली, एवढेच म्हणणे सुरक्षित वाटते. घरगाडीचा सिलिंडर या नियमांच्या कक्षेत नेमका केव्हा आला ते असे एका घटनेवर बोट ठेवून सांगता येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर घरगाड्या वाढल्या आणि ज्योतीवर चालणारा फ्रीज (फोन प्लाटेन व मुंटर्स, स्वीडन, १९२२) त्यांत सर्रास बसू लागला, तेव्हापासूनच तो प्रश्न उभा राहिला असावा.

संघराज्याचा कायदा याबाबत एकच नियम घालून देत नाही. शहरी वाहतुकीच्या बोगद्यातून कोणता घातक माल किती न्यावा याविषयीचे राज्यांचे व नगरांचे नियम आपण रद्द ठरवत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे (किरणोत्सर्गी पदार्थ वगळून). प्रत्येक बोगद्याचा कायदा वेगळा दिसतो त्याचे मूळ या कलमात आहे.

बॉल्टिमोर : सर्वांत ठळक उदाहरण मेरिलंड राज्यातील या बंदराचे. येथील हार्बर बोगदा (१९५७) आणि फोर्ट मॅकहेन्री बोगदा (१९८५) या दोन्हींत एका टाकीत १० पौंडांहून (सु. ४·५ किग्रॅ.) अधिक प्रोपेन नेता येत नाही, आणि अशा लहान टाक्याही दहापेक्षा जास्त चालत नाहीत. घरगाडीचा नेहमीचा सिलिंडर याच्या दुप्पट-तिप्पट असल्याने ट्रॅव्हल ट्रेलरला हे दोन्ही बोगदे व्यवहारात बंदच आहेत.

त्यांना पर्याय होता फ्रान्सिस स्कॉट की पुलाचा. बंदर ओलांडण्यासाठी येथे मुळात आणखी एक बोगदाच योजला होता. निविदा फार चढ्या आल्या आणि पुलाचा विचार पुढे आला. बोगद्यांत मज्जाव असलेला माल पुलावरून नेता येईल, ही त्याची आणखी एक जमेची बाजू होती. १९७७ मध्ये पूल खुला झाला आणि सत्तेचाळीस वर्षे घरगाड्या व टँकर त्यावरून बंदर ओलांडत राहिले. २६ मार्च २०२४ च्या पहाटे ‘डाली’ हे मालवाहू जहाज वीजपुरवठा बंद पडून पुलाच्या खांबावर आदळले व पूल कोसळला. रस्त्याची डागडुजी करणारे सहा कामगार मृत्युमुखी पडले. (जहाजावरील बहुतेक खलाशी भारतीय होते.) तेव्हापासून प्रोपेन असलेल्या गाड्यांना शहराला पश्चिमेकडून वळसा घालून जावे लागते. मोटारी बोगद्यांतून पूर्वीसारख्याच जात आहेत. पुलाच्या पडण्याने अडकला तो मुख्यतः बोगद्यात न चालणारा माल.

इतर बोगदे : न्यूयॉर्कमध्ये हॉलंड व लिंकन बोगद्यांत घरगाडीच्या प्रोपेनला मज्जाव आहे. जॉर्ज वॉशिंग्टन पुलाचा खालचा मजलाही याच नियमात येतो, कारण वर छत असलेला रस्ता आगीच्या दृष्टीने बोगद्याच्या जवळचा मानला जातो. अशा गाड्यांना वरच्या मजल्याने जाता येते.

व्हर्जिनियाची व्यवस्था प्रस्तुत संकलकाला सर्वांत सुसंगत वाटते. तेथे बोगद्यांचे दोन वर्गच केले आहेत. बिग वॉकर व ईस्ट रिव्हर या डोंगरांतील, वस्ती व पाण्यापासून दूर असलेल्या बोगद्यांना घातक मालाचे निर्बंध नाहीत. हॅम्प्टन रोड्स (१९५७) यासारख्या शहरी व पाण्याखालच्या बोगद्यांना आहेत. मात्र घरगाडीचे, ठरावीक क्षमतेपर्यंतचे सिलिंडर झडप बंद असल्यास तेथेही चालतात. सुमारे २८ किमी. लांबीच्या चेसापीक बे पूल-बोगद्याचा (१९६४) नियमही याच धर्तीवर आहे.

कोलोरॅडोतील आयझेनहॉवर बोगदा (१९७३) ३,४०० मी. उंचीवर आहे. तेथील घातक मालाचे ट्रक बाहेरच्या लव्हलँड खिंडीने, सु. ३,६५० मी. चढून जातात. घरगाडीच्या सिलिंडरांना ही सक्ती नाही.

यूरोप : घातक मालाच्या रस्तावाहतुकीविषयीच्या करारात (जिनीव्हा, १९५७) २००७ पासून बोगद्यांचे ए (सर्वांत मोकळा) ते ई (सर्वांत कडक) असे पाच वर्ग आहेत. प्रोपेन टँकरने नेल्यास बी व त्यापुढील वर्गांत बंदी आहे, तर सिलिंडरांतून नेल्यास फक्त डी व ई वर्गांत. खासगी प्रवाशाच्या घरगुती वापराचा वायू या तरतुदींतून वगळला आहे. त्यामुळे आल्प्समधील बोगद्यांतून कॅरॅव्हॅन (तिकडच्या घरगाड्या) सिलिंडरासह जातात. मों ब्लां बोगद्यात २४ मार्च १९९९ रोजी ३९ बळी घेणारी आग पीठ व मार्गारिन वाहणाऱ्या ट्रकमुळे लागली होती. घातक मालाच्या कोणत्याही यादीत ते बसत नव्हते.

खाडीखालच्या चॅनेल बोगद्यात (१९९४) गाडी रेल्वेच्या बंद डब्यात चढवावी लागते. तेथे वायूवर चालणाऱ्या मोटारींना प्रवेश नाही, पण कॅरॅव्हॅनमधील शेगडीचा वायू मर्यादेत व बंद असल्यास चालतो.

व्यवहार : प्रवेश असलेल्या बोगद्यातही सिलिंडरची झडप घट्ट बंद करावी लागते. केवळ शेगडीचे बटण फिरवून भागत नाही. फ्रीज वायूवरून बॅटरीवर घ्यायचा किंवा बंद ठेवायचा असतो, कारण त्याच्या मागे चिमुकली ज्योत जळत असते आणि धावत्या गाडीत ती बाहेरून दिसत नाही. ‘रिकामा’ सिलिंडर हेही सबळ कारण ठरत नाही. द्रव संपला तरी आत वायू उरतो, आणि तो निपटून काढल्याखेरीज संघराज्याच्या मालवाहतूक नियमांत असा सिलिंडर भरलेल्यासारखाच धरला जातो.