फेअरो बेटे

उत्तर अटलांटिक महासागरात स्कॉटलंड, नॉर्वे आणि आइसलँड यांच्या मधोमध असलेला १८ ज्वालामुखीजन्य बेटांचा समूह. डेन्मार्कच्या राज्यातील स्वायत्त प्रदेश. क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौ. किमी.; लोकसंख्या सुमारे ५४,०००. राजधानी टॉर्शहाव्न.

नावाचा अर्थ ‘मेंढ्यांची बेटे’ असा लावतात. आजही इथे माणसांपेक्षा मेंढ्याच जास्त. नॉर्स (स्कँडिनेव्हियातले) लोक नवव्या शतकात इथे वसले. १२९८ च्या ‘मेंढीपत्रा’त चराई आणि मेंढ्यांचे नियम आहेत. ‘लोकर म्हणजे फेअरोचे सोने’ ही म्हण सतराव्या-अठराव्या शतकाला शोभते, कारण विणलेले पायमोजे हाच तेव्हा मुख्य निर्यातमाल होता.

सरपणाला झाडे नाहीत, म्हणून समुद्राचे पाणी आटवून मीठ करण्याचीही सोय नव्हती. मांस टिकवायचे काम वाऱ्यावर सोपवले गेले. घराजवळच्या खोपटाच्या भिंती उभ्या फळ्यांच्या, दोन फळ्यांत बोटभर फट. या खोपटाला ‘ह्याल्लुर’ लिहून ‘चाटलुर’ म्हणतात. १८४६ साली ठरलेले फेअरो भाषेचे लेखन उच्चारापेक्षा व्युत्पत्तीला धरून आहे. शरद ऋतूत कापलेल्या मेंढीची तंगडी बिनमिठाची टांगतात. आधी ती आंबते, मग कित्येक महिन्यांनी कडक वाळून ‘शेर्पिचोट’ होते. ते न शिजवता, पातळ काप करून खातात. वास नवख्याला सोसत नाही.

१८५६ मध्ये डेन्मार्कच्या राजसत्तेची व्यापारातील मक्तेदारी संपली. १८७२ पासून ब्रिटिशांची जुनी शिडाची जहाजे विकत घेतली जाऊ लागली. पुरुष आइसलँडजवळ कॉड पकडायला जात; मागे बायका खारवलेला मासा धुऊन खडकांवर वाळवत. मीठ तोवर परदेशातून येऊ लागले होते.

दुसऱ्या महायुद्धात बेटे ब्रिटिशांच्या ताब्यात होती. १९४६ च्या सार्वमतात स्वातंत्र्याला निसटते बहुमत मिळाले, पण प्रत्यक्षात आली ती १९४८ ची स्वायत्तता. मासेमारीचा हक्क राखण्यासाठी बेटे युरोपीय समुदायाबाहेर राहिली. तरी एकाच मालावर विसंबण्याची किंमत १९९० च्या दशकाच्या आरंभी मोजावी लागली: बँका बुडाल्या, हजारो लोक देश सोडून गेले. आज निर्यातीचा सुमारे नऊदशांश भाग माशांचाच आहे. त्यात खाडीतल्या जाळ्यांत वाढवलेल्या सामनचा वाटा मोठा.

२०२० मध्ये खुल्या झालेल्या समुद्राखालच्या बोगद्यात चक्क वाहतूक चौक आहे. स्टोरा डीमुन बेटावर मात्र एकच शेतकरी कुटुंब राहते, मेंढ्या पाळते, आणि तिथे हेलिकॉप्टरने जावे लागते.