तीन अब्ज डॉलर आणि तीन महिने : ॲमेझॉनच्या ‘दुसऱ्या मुख्यालया’ची पार्श्वभूमी

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, लाँग आयलंड सिटीत, ईस्ट रिव्हरमधून आत शिरलेली एक छोटी कृत्रिम खाडी आहे. तिचे नाव ॲनेबल बेसिन. तिच्या काठी 25 हजार नोकऱ्यांचे संकुल उभे राहणार, अशी घोषणा 13 नोव्हेंबर 2018 रोजी झाली आणि 14 फेब्रुवारी 2019 रोजी ॲमेझॉनने एक निवेदन काढून ती मागे घेतली. मधल्या तीन महिन्यांत राज्य आणि शहर कंपनीला देणार असलेल्या सवलतींचा एकच आकडा सगळ्यांच्या तोंडी होता : तीन अब्ज डॉलर. विरोधकांच्या मते ती खिरापत होती, समर्थकांच्या मते गुंतवणूक. आकडा खोटा नव्हता. मात्र तो कशाकशाची बेरीज आहे, हे दोन्ही बाजूंनी फारसे कोणी सांगितले नाही.

उद्योग आपल्या गावी यावा म्हणून सरकारने तिजोरी मोकळी करायची, ही अमेरिकेतली जुनी रीत. मिसिसिपीने 1936 मध्ये कायदाच केला आणि गावांना रोखे काढून कारखान्यांसाठी इमारती बांधून द्यायची मुभा दिली. पुढे कित्येक दशके हा खेळ प्रामुख्याने कारखान्यांचा राहिला. 1993 मध्ये अलाबामाने मर्सिडीजच्या दीड हजार नोकऱ्यांसाठी सुमारे 25 कोटी डॉलरच्या सवलती दिल्या.

मुख्यालयाची गोष्ट थोडी वेगळी. त्यात नोकऱ्या कमी पण पगार मोठे, आणि शिवाय कंपनीच्या नावापुढे शहराचे नाव लागते. या प्रतिष्ठेला काय भाव येतो हे 2001 मध्ये बोईंगने दाखवून दिले. सिएटल सोडणार एवढेच आधी जाहीर केले आणि डॅलस, डेन्व्हर व शिकागो या तीन शहरांना एकमेकांसमोर उभे केले. 10 मे रोजी कंपनीचे प्रमुख विमानात बसले तेव्हा तिन्ही शहरांचे उड्डाण आराखडे दाखल केलेले होते. विमान हवेत गेल्यावर शिकागोचे नाव फुटले. मुख्यालयातल्या जेमतेम पाचशे नोकऱ्यांसाठी शहर आणि राज्याने मिळून वीस वर्षांत सहा कोटी डॉलरहून अधिक द्यायचे ठरवले होते. जनरल इलेक्ट्रिकने कनेटिकट सोडून बोस्टन गाठले ते 2016 मध्ये. तिथे 800 नोकऱ्यांसाठी साडेचौदा कोटींच्या सवलती ठरल्या. पुढे कंपनीलाच घरघर लागली, बेत आखडता घ्यावा लागला आणि 2019 मध्ये तिने राज्याला 8.7 कोटी डॉलर परत केले. परतफेडीची अशी उदाहरणे विरळाच, म्हणून नोंद करून ठेवण्यासारखे.

ॲमेझॉनने 7 सप्टेंबर 2017 रोजी प्रस्ताव मागवले ते या परंपरेतले, पण थाट निराळा. बोईंगने तीन शहरे आपणच निवडली होती. इथे अख्ख्या उत्तर अमेरिकेला निमंत्रण होते. सिएटलइतकेच महत्त्वाचे दुसरे मुख्यालय, 50 हजारांपर्यंत नोकऱ्या, पाच अब्ज डॉलरची गुंतवणूक, सरासरी पगार वर्षाला लाख डॉलरच्या वर. अटीही लिहून दिलेल्या : महानगराची लोकसंख्या दहा लाखांवर हवी, आंतरराष्ट्रीय विमानतळ 45 मिनिटांत गाठता यायला हवा, सार्वजनिक वाहतूक जागेच्या दारात हवी. सवलतींबाबत तर कंपनीने आडपडदा ठेवलाच नाही. करसवलत, अनुदान, जमीन, शुल्कमाफी यांची यादी द्या, आणि एवढ्या मोठ्या प्रकल्पासाठी वेगळा कायदा करावा लागू शकतो याची आम्हाला कल्पना आहे, असेही त्या कागदात होते. प्रस्तावाला मुदत 19 ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे सहा आठवडे.

पुढे जे घडले ते सर्वांनी वाचले आहे. टूसॉनने 21 फुटी निवडुंग पाठवला, तो कंपनीने वाळवंट संग्रहालयाला देऊन टाकला. जॉर्जियातल्या स्टोनक्रेस्टने 345 एकर वेगळे काढून त्या गावाला कंपनीचेच नाव द्यायची तयारी दाखवली. कॅन्सस सिटीच्या महापौरांनी कंपनीच्या संकेतस्थळावरच्या हजार वस्तूंना पाच-पाच तारे दिले. हसू येते खरे, पण या गमतीजमतींच्या आड खरा व्यवहार झाकला गेला. 238 शहरांनी आणि प्रदेशांनी आपल्या मोकळ्या जमिनी, कुशल मनुष्यबळ, वाहतुकीचे आराखडे, देऊ केलेल्या सवलती असा सगळा तपशील एका खासगी कंपनीच्या हवाली केला, तोही फुकट. आणि स्थानिक करदात्याला आपल्या शहराने काय देऊ केले आहे हे बहुतेक ठिकाणी कळतही नव्हते, कारण अधिकाऱ्यांनी गोपनीयतेच्या करारावर सह्या केल्या होत्या.

जानेवारी 2018 मध्ये वीस नावे उरली. त्यांतली तीन वॉशिंग्टन परिसरातली : राजधानी स्वतः, उत्तर व्हर्जिनिया आणि मेरीलँडची माँटगोमेरी काउंटी. कंपनीच्या संस्थापकाचे त्या शहरात घर होते, तिथले मोठे वृत्तपत्र त्यांच्याच मालकीचे होते. तर्क लढवणाऱ्यांना एवढे पुरे होते. तरी बोली चढतच गेली. न्यू जर्सीतल्या नेवार्कसाठी सात अब्ज डॉलर मांडले गेले. मेरीलँडचा आकडा पायाभूत सुविधा धरून साडेआठ अब्जांवर पोचला. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. टोरोंटोने मात्र रोख सवलत देणार नाही असे सांगितले आणि तरीही ते वीसांत होते. सर्वांत मोठी थैली ठेवणाऱ्यांपैकी कोणाचाच नंबर लागला नाही, हे पुढे दिसले.

निकाल लागला तेव्हा दुसऱ्या मुख्यालयाची दोन झाली होती. लाँग आयलंड सिटी आणि वॉशिंग्टनहून पोटोमॅक नदीपलीकडचे, व्हर्जिनियातले आर्लिंग्टन, दोन्हीकडे 25-25 हजार नोकऱ्या. नॅशव्हिलला पाच हजारांचे एक केंद्र. ज्याच्यासाठी शहरांनी बोली लावली होती ते ‘सिएटलच्या तोडीचे मुख्यालय’ कुठेच होणार नव्हते, ही बाब त्या गडबडीत मागे पडली.

आता तीन अब्जांकडे येऊ, कारण घोडे अडले ते इथेच.

या रकमेचे तीन थर होते. पहिला राज्याची करसवलत : 25 हजार नोकऱ्यांसाठी 1.2 अब्ज डॉलर, म्हणजे दर नोकरीमागे 48 हजार. दुसरा, बांधकामासाठी राज्याचे 32.5 कोटी डॉलरचे अनुदान. दोन्ही मिळून 1.525 अब्ज झाले, आणि नोकऱ्या 40 हजारांवर गेल्या तर अनुदान वाढून ते 1.7 अब्जांवर जाणार होते. तिसरा थर शहराचा. मॅनहॅटनच्या 96व्या रस्त्याच्या खालून किंवा शहराबाहेरून कंपनी इतर बरोंमध्ये, म्हणजे शहराच्या इतर प्रशासकीय विभागांमध्ये आली की दर कर्मचाऱ्यामागे वर्षाला तीन हजार डॉलर, बारा वर्षे, अशी शहराची जुनीच योजना आहे. त्यातून सुमारे 90 कोटी. मालमत्ता करातली आणखी एक सवलत सुमारे 38 कोटींची. हे दोन्ही अर्ज करून निकषांत बसणाऱ्या कुठल्याही कंपनीला मिळते, त्यासाठी कोणी मंत्र्याची सही लागत नाही.

त्यामुळे समर्थक जेव्हा म्हणत की ‘तिजोरीत तीन अब्ज पडून नाहीत, ती कंपनीच्याच भावी करातली सूट आहे’, तेव्हा ते बऱ्याच अंशी खरे बोलत. कंपनी गेल्यावर त्या पैशांतून शाळा आणि भुयारी रेल्वे सुधारू, असे म्हणणाऱ्या लोकप्रतिनिधींचे गणित चुकत होते, आणि त्यावरून त्यांची बरीच टिंगल झाली. पण समर्थकांचे म्हणणेही पूर्ण खरे नव्हते. राज्याची सवलत परताव्याची होती : कंपनीचा कर जितका होईल त्याहून सवलत जास्त असेल, तर फरक राज्य रोखीने देणार. 32.5 कोटींचे अनुदान तर सरळ पैसेच. ‘फक्त सूट’ म्हणायला तिथे जागा नव्हती. 25 वर्षांत राज्य आणि शहराला 27.5 अब्जांचा महसूल, म्हणजे एकास नऊ, हा सरकारी हिशेब 40 हजार नोकऱ्यांचा होता. छापील करारात बांधील होत्या त्या 25 हजार.

आणि माझ्या मते लोक चिडले ते आकड्यापेक्षा मंजुरीसाठी निवडलेल्या वाटेवरून. शहरात जमिनीच्या वापरात एवढा बदल करायचा तर वस्तीचे मंडळ, मग बरो, मग नगर परिषद अशी महिनोन्महिने चालणारी वाट असते. शेवटी परिषदेत मतदान होते आणि स्थानिक नगरसेवकाच्या हातात खरा लगाम असतो. गव्हर्नर आणि महापौरांनी ही वाट टाळली. राज्याच्या विकास प्राधिकरणाचा प्रकल्प आराखडा वापरायचे ठरले, ज्यात शहराचे नियम बाजूला ठेवता येतात. नगर परिषदेच्या वाट्याला उरल्या नुसत्या सुनावण्या. 30 जानेवारीच्या सुनावणीत कंपनीच्या अधिकाऱ्याला विचारले गेले, कर्मचाऱ्यांनी संघटना बांधायची ठरवली तर तुम्ही तटस्थ राहाल का? उत्तर नकारार्थी आले. कामगार संघटनांचे बळ असलेल्या शहरात त्या एका उत्तराने जितके नुकसान केले तितके महिनाभराच्या निदर्शनांनी केले नसेल. करारनाम्यात हेलिपॅडचे कलमही होते, वर्षाला 120 उतरणींपर्यंत. आणि काही मिनिटांवरच्या क्वीन्सब्रिज या देशातल्या सर्वांत मोठ्या सरकारी घरांच्या वसाहतीसाठी ग्राहकसेवेतल्या 30 नोकऱ्यांचे आश्वासन. एकीकडे 25 हजार, दुसरीकडे 30.

नगर परिषद टाळली तरी राज्यात एक दार उरलेच होते. असे आराखडे ज्या नियंत्रण मंडळापुढे जातात त्यात मताचा अधिकार तिघांना आणि निर्णय एकमताने. घोषणेच्या आठवडाभर आधीच्या निवडणुकीत राज्य सिनेटची सत्ता पालटली होती. नव्या बहुमताच्या नेत्यांनी 4 फेब्रुवारीला त्या मंडळासाठी नाव सुचवले ते प्रकल्पाच्या कट्टर विरोधकाचे, तेही क्वीन्समधल्याच सिनेटरचे. दहा दिवसांनी कंपनी गेली. त्याच आठवड्यातल्या पाहणीत राज्यातले 56 टक्के मतदार करारामागे होते. 1 मार्चला उद्योजक, संघटनांचे नेते आणि लोकप्रतिनिधी अशांनी ‘परत या’ म्हणत वृत्तपत्रात पानभर पत्र छापले. कंपनी त्या अटींवर परत आली नाही. डिसेंबर 2019 मध्ये मात्र मॅनहॅटनच्या हडसन यार्ड्समध्ये दीड हजार लोकांसाठी जागा घेतली, खास सवलतींशिवाय.

आर्लिंग्टनचा करार तुलनेने मुकाट्याने पार पडला. व्हर्जिनियाने दर नोकरीमागे 22 हजार डॉलर देऊ केले, एकूण 55 कोटी. काउंटीचे 2.3 कोटी, तेही हॉटेल कराच्या उत्पन्नात वाढ झाली तर त्या वाढीतून. महामारीत हॉटेले ओस पडली आणि सुरुवातीला काउंटीला त्या कलमाखाली काही द्यावेच लागले नाही. अशी हातचे राखून केलेली कलमे न्यूयॉर्ककडे नव्हती. मोठा खर्च राज्याने शिक्षणावर ठेवला : अलेक्झांड्रियात एका सरकारी विद्यापीठाचे एक अब्ज डॉलरचे नवे संकुल आणि संगणकशास्त्राच्या पदव्या वीस वर्षांत किमान 25 हजारांनी वाढवण्याचा कार्यक्रम. कंपनी उद्या उठून गेली तरी विद्यापीठ राहते. मिशिगनमधल्या एका अर्थतज्ज्ञाने 2018 मध्ये मांडलेला अंदाज असा की ज्या निर्णयांना सवलत मिळते त्यांपैकी फार तर 2 ते 25 टक्के निर्णयच सवलतीमुळे फिरतात, बाकीच्या कंपन्या एरवीही तिथेच आल्या असत्या. व्हर्जिनियाने हे ओळखले होते असे म्हणायला जागा आहे. अर्थात तिथेही सगळे ठरल्याप्रमाणे झालेले नाही. पहिला टप्पा 2023 मध्ये सुरू झाला, सुमारे आठ हजार कर्मचाऱ्यांवर. दुसऱ्या टप्प्याचे काम त्याच वर्षी मार्चमध्ये थांबवल्याचे कंपनीने सांगितले.

याच काळातले दुसरे प्रकरण विस्कॉन्सिनचे. 2017 मध्येच त्या राज्याने फॉक्सकॉनला 13 हजार नोकऱ्यांसाठी सुमारे तीन अब्ज डॉलर कबूल केले. नोकऱ्या आल्या नाहीत, आणि 2021 मध्ये करार 8 कोटींवर आणावा लागला. वेदांताबरोबरचा याच कंपनीचा सेमीकंडक्टर प्रकल्प 2022 मध्ये तळेगावऐवजी गुजरातला गेला तेव्हा आपल्याकडे झालेला गदारोळ आठवत असेल. जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. तळेगाव का हुकले यावर जितकी चर्चा झाली तितकी, हुकले नसते तर काय किंमत पडली असती यावर झाली नाही.

बोईंगने शिकागोतल्या वीस वर्षांच्या सवलती सरल्यावर मे 2022 मध्ये मुख्यालय आर्लिंग्टनलाच हलवत असल्याचे जाहीर केले. महिन्याभरात संरक्षण क्षेत्रातल्या रेथिऑननेही तोच पत्ता धरला आणि कुठल्याही राज्याकडून सवलत मागितलेली वा घेतलेली नाही असे निवेदनात लिहिले.

शर्यत थांबवण्याचा एकच ठळक प्रयत्न झाला तो कॅन्सस सिटीत. ते महानगर दोन राज्यांत पसरलेले, आणि स्टेट लाइन रोडच्या एका बाजूला कॅन्सस, दुसऱ्या बाजूला मिझुरी. ॲपलबीज या उपाहारगृहांच्या साखळीचे मुख्यालय 2011 मध्ये कॅन्ससमधून मिझुरीत आले, आणि त्याच वर्षी एएमसी या चित्रपटगृहांच्या कंपनीने मिझुरीतून कॅन्ससला जायचे ठरवले. दोघांनाही सवलती. कर्मचारी तेच, घरे तीच, फक्त कामावर जाताना गाडी दुसरीकडे वळवायची. ॲपलबीजने 2015 मध्ये मिझुरीही सोडून कॅलिफोर्नियाला जायचे जाहीर केले. 2019 मध्ये दोन्ही राज्यांनी परस्परांचे उद्योग सवलती देऊन पळवायचे नाहीत असे मान्य केले. समझोता त्या परिसरातल्या ठरावीक काउंट्यांपुरता होता. उरलेल्या अमेरिकेतून येणाऱ्या कंपनीला दोन्ही राज्ये तरीही पैसे देऊ शकत होती. न्यूयॉर्कच्या प्रकरणानंतर असा करार अनेक राज्यांत व्हावा म्हणून काही विधिमंडळांत विधेयके मांडली गेली, पण त्यांतून देशभर लागू होणारे काही हाती आलेले नाही.