सॉफ्टवेअर अपडेट : पॅच की नवी आवृत्ती

वापरात असलेल्या सॉफ्टवेअरमधला एखादा दोष किंवा सुरक्षेतली फट बुजवण्यापुरता केलेला बदल म्हणजे पॅच. नव्या सोयी, बदललेली रचना आणि तोवरच्या दुरुस्त्या असे सगळे एकदम घेऊन येते ती नवी आवृत्ती. घरच्या संगणकावर यातले काय कधी बसवायचे हे बहुधा यंत्रणाच ठरवते. सर्व्हर सांभाळणाऱ्याला मात्र ते स्वतः ठरवावे लागते.

सुरक्षेच्या पॅचबाबत फार विचार करण्यात अर्थ नसतो. पॅच आला की जुनी आणि नवी फाइल ताडून फट कुठे होती हे हल्लेखोरही शोधू शकतात. विंडोजच्या एसएमबी या नेटवर्कवर फाइल वाटून घेण्याच्या प्रोटोकॉलमधील फट बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिला होता. १२ मे रोजी फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारे वॉनाक्राय पसरले ते तो न बसवलेल्या संगणकांवर.

नव्या आवृत्तीचा धोका वेगळा. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीने काही वापरकर्त्यांच्या फाइल पुसल्या आणि तिचे वितरण थांबवावे लागले. म्हणून आधी बॅकअप, मग चाचणीच्या यंत्रावर बसवून पाहणे. अर्थात बदल लहान म्हणजे धोका लहान, असेही नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पाडली, आणि ती होती नुसती माहितीची फाइल.

डेबियनसारखी लिनक्स वितरणे (लिनक्सवर उभारलेल्या तयार ऑपरेटिंग सिस्टिम) मधला मार्ग काढतात : आवृत्ती जुनीच ठेवून तिच्यावर नवी दुरुस्ती चढवायची. याला बॅकपोर्टिंग म्हणतात. हार्टब्लीड हा दोष ओपनएसएसएलने (इंटरनेटवरचा संवाद सांकेतिक करणारी, इतर प्रोग्राम वापरतात ती लायब्ररी) एप्रिल २०१४ मध्ये १.०.१जी आवृत्तीत दुरुस्त केला. डेबियन ७ मध्ये मात्र १.०.१ई हीच आवृत्ती राहिली. दुरुस्तीची खूण पॅकेजच्या क्रमांकाच्या शेपटीत, ‘डेब७यू५’ अशी. सुरक्षेचे दोष शोधणारे, पण नुसता मूळ क्रमांक वाचणारे स्कॅनर अशा सर्व्हरला विनाकारण असुरक्षित ठरवतात. उलट, पॅच बसवूनही वेब सर्व्हर रीस्टार्ट केला नाही, तर मेमरीत जुनी लायब्ररीच चालू राहते, आणि ही चूक क्रमांकात दिसत नाही.

नुसत्या पॅचवर कायमचे भागत नाही, कारण जुन्या आवृत्तीला मिळणारे पॅच कधीतरी थांबतात. तोवर दोन-तीन आवृत्त्या मागे पडलेल्याला थेट ताज्या आवृत्तीवर उडी मारता येतेच असे नाही : डेबियनमध्ये मधली प्रत्येक आवृत्ती क्रमाने बसवावी लागते, आणि दर टप्प्यावर चाचणी पुन्हा करावी लागते.