देवबाग

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील किनारी गाव. तारकर्लीच्या दक्षिणेला पश्चिमेचा अरबी समुद्र आणि पूर्वेची कर्ली खाडी यांच्यामध्ये वाळूची एक चिंचोळी पट्टी आहे, तीवर हे गाव वसले आहे. मासेमारी हा मूळ व्यवसाय. पर्यटक पोहणे, होडीतून फिरणे, स्कुबा आणि पॅरासेलिंगसाठी येतात.

गावाला दोन पाणी आहेत आणि दोन्हींचे वागणे निराळे. समुद्राच्या बाजूला धोका ओढीचा असतो. फुटणाऱ्या लाटांच्या रांगेत मध्येच फेस नसलेली, शांत दिसणारी पट्टी दिसली की नवखे तिथेच उतरतात. किनाऱ्यावर चढलेले पाणी नेमके तिथूनच परत जात असते. ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजू नये, दम तिथेच संपतो. तरंगत राहून किनाऱ्याला समांतर पोहावे आणि ओढ सुटल्यावर लाटांबरोबर किनाऱ्याकडे यावे. किनाऱ्याची धूप थांबवण्यासाठी रचलेल्या दगडांजवळ भरतीला उतरू नये. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणे चालू असेल तर तिच्या वेढ्यात पोहू नये.

खाडी समुद्राला मिळते त्या संगमावर मात्र सगळा खेळ ओहोटीचा. ‘सुनामी आयलंड’ म्हणून ओळखला जाणारा वाळूचा दांडा ओहोटीला उघडा पडतो, भरतीला बुडतो. सहा तासांच्या ओहोटीत तिसऱ्या आणि चौथ्या तासात जवळपास निम्मे पाणी उतरते. तेव्हा दांड्याच्या कडेला गुडघाभर पाण्यातला माणूसही पाय सुटून समुद्राकडे खेचला जाऊ शकतो. कडेची वाळू ढासळते ती वेगळीच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हा जोर वाढतो, अष्टमीच्या सुमारास भांगात (कमी चढउताराच्या भरती-ओहोटीत) कमी असतो. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ मिळते (चतुर्थीला 3 वाजता) हा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा. मालवणकडे भरती या हिशेबापेक्षा लवकर लागते, म्हणून त्या दिवसाचा तक्ता पाहावा किंवा होडीवाल्यांना विचारावे. राइडचा दर विचारण्याआधी हे विचारणे बरे.

पोहायला सकाळ उत्तम. मात्र पहाटेचे मतलई वारे जमिनीकडून वाहतात, त्यामुळे हवेच्या ट्यूबवर तरंगणारा नकळत खोल समुद्राकडे जातो. दुपारी खारे वारे वाढून पाणी खवळते.

लाइफ जॅकेट घातल्यावर कुणाला तरी ते खांद्यांपाशी वर ओढायला सांगावे. हनुवटीपर्यंत सरकले तर माप मोठे आहे. जेट स्कीच्या चालकाच्या मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी बांधलेली हवी. बनाना राइड (बोटीमागे ओढली जाणारी हवेची लांब नळी) मुद्दाम उलटवतात. पोहता न येणाऱ्याने तसे न करण्याचे आधीच ठरवून घ्यावे. स्कुबात श्वास कधीही रोखू नये: 10 मीटरवरून वर येताना फुप्फुसातील हवा दुप्पट फुगते. कान दुखण्याची वाट न पाहता नाक चिमटीत धरून बंद नाकातून हलकेच हवा फुंकावी. सर्दी असल्यास डुबकी टाळावी. एका डुबकीनंतर किमान 12 तास विमानप्रवास नको.

वाळूत पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) दडलेली असते, म्हणून पाय उचलून न टाकता घासत चालावे. काटा लागल्यास जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवावी व डॉक्टर गाठावा.

पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी सर्वांत नितळ. मेअखेरचे दिवस फसवे: 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108.