खर्जातलं मेटल आणि पट्टी उतरवणारं पेडल

वाशी-नेरुळच्या किंवा घोडबंदर रोडच्या जॅमरूममध्ये तासाच्या भाड्यावर सराव करणाऱ्या मेटल बँडची एक अडचण ठरलेली असते. गाण्यांच्या यादीत एक गाणं स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये, म्हणजे तारांच्या नेहमीच्या सुरांत असतं, दुसरं ड्रॉप सीमध्ये, म्हणजे सर्वांत जाड तार सी सुरापर्यंत उतरवून, तिसरं त्याहून खाली थेट बीमध्ये, आणि गिटार मात्र एकच. तारा उतरवायच्या आणि पुढच्या गाण्याला पुन्हा चढवायच्या, यात भाड्याचा वेळ जातो. गिटारला फ्लॉइड रोझ ब्रिज, म्हणजे स्प्रिंगांवर तोललेला तारांचा आधार, असेल तर एक तार सैल केली की मागच्या स्प्रिंगांचा तोल बिघडतो आणि उरलेल्या पाच तारा सुरातून वर सरकतात. म्हणून पायाशी गिटारचा सूर यंत्राने खाली आणणारं एक छोटं पेडल येतं. खटका फिरवला की गिटार तीन, चार, पाच सेमीटोन (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) खाली बोलू लागते. हे खरं लो ट्यूनिंग नव्हे, नक्कल आहे, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं म्हणणं काही अंशी बरोबर आहे. पण मेटलमधला खर्ज आला कुठून, हे पाहिलं तर या पेडलकडे अधिक आदराने पाहावं लागतं.

सुरुवात एका कारखान्यात होते. 1965 मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी मशीनखाली त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आयोमी डावखुरा, त्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापे पट्ट्यात प्रेसवर काम केलेल्या माणसाला या अपघाताचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्याच्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत भाजल्यामुळे डाव्या हाताची दोन बोटं जवळजवळ निकामी झालेला हा गिटारवादक युरोपात गाजला होता. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे तारांचा ताणही कमी केला. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडच्या 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ अल्बममधल्या अनेक गाण्यांत गिटार तीन सेमीटोन खाली, म्हणजे सी शार्पपर्यंत उतरलेली आहे. बासवादक गीझर बटलरनेही त्याप्रमाणे आपला बास उतरवला. जखमी बोटांना सोयीचं व्हावं म्हणून केलेल्या या तडजोडीतून एका संगीतप्रकाराचा आवाज घडला. मला ही या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते.

त्यानंतर उतरण सुरूच राहिली. स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये गिटारची जाड ई तार 82.4 हर्ट्झला वाजते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंड आणि स्वीडनमधले डेथ मेटल बँड बीपर्यंत, म्हणजे 61.7 हर्ट्झपर्यंत गेले. 1990 मध्ये आयबानेझने स्टीव्ह वायसाठी सात तारांची गिटार बाजारात आणली. कॅलिफोर्नियातल्या कॉर्नने तीच घेऊन आणखी उतरवली आणि 1994 च्या पहिल्या अल्बममध्ये 55 हर्ट्झचा ए ऐकवला. स्वीडनच्या मेशुगाने 2002 च्या ‘नथिंग’साठी आठ तारांची गिटार ठरवली होती, पण वाद्यांनी दगा दिल्याने सात तारांच्या गिटार आणखी सैल करून रेकॉर्डिंग उरकलं. 2006 मध्ये त्यांनी गिटारचे भाग आठ तारांवर नव्याने वाजवून तोच अल्बम पुन्हा काढला. त्यांचा सर्वांत खालचा एफ 43.7 हर्ट्झचा, बासगिटारच्या ई तारेपेक्षा जेमतेम एक सेमीटोन वर.

आपल्याकडे 1986 पासून मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव सुरू झाला, आणि ठाण्या-कल्याणची मुलं लोकल पकडून तिथे जाऊ लागली. पुढे 2000 मध्ये डेमॉनिक रिझरेक्शन, 2003 मध्ये भयानक मौत असे मुंबईचे बँड उभे राहिले आणि जड, खालच्या पट्टीतली गिटार परदेशी कॅसेटपुरती उरली नाही.

तार नुसती सैल करून भागत नाही, याला साधं गणित आहे. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. नेहमीच्या 10-46 जाडीच्या तारांच्या सेटमधल्या जाड ई तारेवर साधारण 8 किलोचा ताण असतो. ती पाच सेमीटोन उतरवली की तो साडेचार किलोच्या आत येतो. तार फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, खडखडते आणि जोरात वाजवली की सूर आधी वर उडून मग खाली बसतो. उपाय म्हणजे जाड तारा, नटच्या (नेकच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा रुंद करणं, नेकचं सेटअप, नाहीतर लांब नेकची बॅरिटोन गिटार. एवढं सगळं एका गाण्यासाठी कोण करणार?

सूर बदलणाऱ्या यंत्राची गोष्ट मेटलपेक्षा जुनी आहे. वेग न बदलता ध्वनीची पट्टी बदलायची कल्पना डेनिस गॅबर या शास्त्रज्ञाने 1946 च्या सुमारास मांडली. होलोग्राफीसाठी त्याला नोबेल मिळालं ते 1971 मध्ये, म्हणजे आयोमीने तारा उतरवल्या त्याच वर्षी. 1954 मध्ये इलिनॉय विद्यापीठात ग्रँट फेअरबँक्स आणि सहकाऱ्यांनी फिरत्या हेडचं, म्हणजे टेप वाचणाऱ्या फिरत्या भागाचं, टेपयंत्र केलं. टेप एका वेगाने जाते आणि तिच्यासमोर फिरणारी हेड्स ध्वनीचे तुकडे वेगळ्या वेगाने वाचतात. डिजिटल पेडल आजही मुळात हेच करतं, फक्त टेपच्या जागी मेमरी आली.

1975 च्या सुमारास इव्हेंटाइड कंपनीचा एच910 हार्मोनायझर हे सूर बदलणारं यंत्र बाजारात आलं. त्याचं पहिलं गिऱ्हाईक न्यूयॉर्कची एक टीव्ही वाहिनी होती. जाहिरातींना जागा करण्यासाठी जुन्या मालिका वेगाने चालवायच्या आणि त्यामुळे चिरके झालेले आवाज या यंत्राने खाली आणायचे, असा तिचा उद्योग होता. पुढे निर्माता टोनी व्हिस्कॉन्टीने गायक डेव्हिड बोवीच्या 1977 च्या ‘लो’ अल्बममध्ये हेच यंत्र ड्रमवर वापरलं. गिटारिस्टच्या पायाखाली ही विद्या नीट आली ती 1989 च्या डिजिटेक व्हॅमीबरोबर. या लाल पेडलवर पाय दाबला की सूर दोन सप्तकं वर उडायचा. टॉम मोरेलो आणि डाइमबॅग डॅरेल या गिटारिस्टांनी त्याचं सोनं केलं. पण जुन्या व्हॅमीला एका वेळी एकच सूर कळत असे. दोन-तीन तारा एकत्र वाजल्या की आवाज गुरगुरून फाटायचा, आणि मेटलची रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ) तर पॉवर कॉर्डवर, म्हणजे दोन-तीन तारा एकत्र वाजवण्यावरच, उभी. अनेक सूर एकत्र सांभाळून पूर्ण गिटारच खाली नेणारी पेडल 2008 च्या सुमारास मॉर्फियस ड्रॉपट्यूनपासून दिसू लागली. गेल्या दशकात डिजिटेक ड्रॉप सर्वांच्या तोंडी झाला. त्यात एक ते सात सेमीटोन आणि पूर्ण सप्तक असे टप्पे आहेत.

वाजवणाऱ्याच्या बाजूने हे पेडल म्हणजे स्केलचेंजर पेटी. बोटं त्याच पट्ट्यांवर राहतात आणि सूर पांढरी चारमधून काळी दोनमध्ये जातो. आतलं काम मात्र अवघड आहे. तुकडे बेमालूम जोडायचे तर पेडलला तारेचं किमान एक पूर्ण आवर्तन ऐकावं लागतं, शक्यतो दोन. ई तारेचं एक आवर्तन 12 मिलिसेकंदांचं. म्हणून प्लेक्ट्रमचा (तार छेडायच्या पत्तीचा) घाव किंचित उशिरा आणि किंचित बोथट येतो. वेगवान पाम म्यूटमध्ये, म्हणजे तळहाताने तारा दाबून वाजवताना, हे हाताला जाणवतंच. शिवाय सूर खाली जाताना पिकअपचा (तारांचा आवाज टिपणाऱ्या भागाचा) स्वतःचा लकाकता भागही खाली ओढला जातो: तीन किलोहर्ट्झवरचा उठाव पाच सेमीटोन उतरवल्यावर सव्वादोनवर येतो आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो. म्हणून पेडल साखळीत सर्वांत आधी, गिटारच्या स्वच्छ सिग्नलवरच हवं. डिस्टॉर्शननंतर, म्हणजे आवाज मुद्दाम फाडल्यानंतर, लावलं तर त्याला सुरांचा गुंता सोडवता येत नाही. त्यानंतर ट्यूब स्क्रीमरसारखं ओव्हरड्राइव्ह पेडल गेन (आवाज फाडण्याचं प्रमाण) कमी ठेवून लावलं की तळाचा गाळ कापला जातो आणि धार परत येते. माझ्या मते चार सेमीटोनपर्यंत ऐकणाऱ्याला फरक कळणं कठीण आहे. सातपुढे ती गिटार उरत नाही.

आपल्या फ्लॅटमध्ये आणखी एक गोष्ट आड येते. तार प्रत्यक्षात ई वाजवते आणि स्पीकरमधून डी किंवा सी येतो. अॅम्प मोठा असेल तर तारेचा मूळ आवाज झाकला जातो. पण निवासी भागात रात्री दहानंतर कायद्याने मर्यादा 45 डेसिबलची आहे आणि भिंतीपलीकडे शेजारी झोपलेले असतात. हळू आवाजात दोन्ही सूर एकदम कानावर पडतात, आणि एक-दोन सेमीटोनचं अंतर सर्वांत जास्त टोचतं. अनेकजण यामुळेच पेडल भिकार आहे असं ठरवून विकून टाकतात. बंद हेडफोन लावले की तक्रार बरीचशी मिटते. आता मल्टी-इफेक्ट युनिट आणि प्लगइनमध्येही ट्रान्स्पोजची, म्हणजे पट्टी बदलण्याची, सोय असते, त्यामुळे घरच्या सरावाला वेगळं पेडल लागेलच असं नाही.

जॅमरूममध्ये प्रश्न उरतो बासवाल्याचा. गिटारिस्ट खटक्यावर बीमध्ये जातो आणि बास ईवरच राहतो. बासच्या जाड तारेचं आवर्तन दुप्पट लांब, म्हणून तिथे हेच पेडल आणखी अडखळतं. चारऐवजी पाच तारांचा बास घेतला तर खालचा बी त्याच्याकडे मुळातच असतो, तोही खऱ्या ताणासकट.