खासगी दवाखान्यातील क्षयरुग्णाची निक्षय नोंद : पुण्यातील फॅमिली डॉक्टरांसाठी प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रे

दोन-तीन आठवडे खोकला अंगावर काढलेला माणूस बहुतेक वेळा आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे येतो. दवाखाना कसबा पेठेतला जुना असो किंवा वाघोलीतल्या एखाद्या नव्या सोसायटीखालचा, त्या खोकल्यामागे क्षयरोग असू शकतो हे पहिल्यांदा बोलून दाखवण्याची वेळ फॅमिली डॉक्टरांवरच येते. निदान पक्के झाले की औषधाच्या चिठ्ठीबरोबर आणखी एक काम त्यांच्याकडे येते, ते म्हणजे रुग्णाची ‘निक्षय’ या शासकीय प्रणालीत नोंद करण्याचे. ही नोंद कोणी करायची, पुणे परिसरात ती कोणत्या कार्यालयाच्या अखत्यारीत जाते, त्यासाठी काय लागते आणि तिच्यामुळे रुग्णाला काय मिळते, याची माहिती येथे दिली आहे.

कायदेशीर आधार आणि कोणावर जबाबदारी

केंद्र शासनाने ७ मे २०१२ च्या आदेशाने क्षयरोग हा कळवणे बंधनकारक असलेला आजार ठरवला. मार्च २०१८ च्या राजपत्रातील अधिसूचनेने या बंधनाला अधिक धार आली. डॉक्टर आणि रुग्णालयांबरोबरच प्रयोगशाळा आणि औषध दुकानेही त्या कक्षेत स्पष्टपणे आली, आणि माहिती न कळवणाऱ्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम २६९ व २७० खाली कारवाई होऊ शकेल अशी तरतूद झाली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यामुळे याच आशयाची कलमे आता २७१ आणि २७२ या क्रमांकांची आहेत. तरीही कलमांच्या भीतीने नोंद करणे हे मला पुरेसे कारण वाटत नाही. रुग्णाचा पोषण भत्ता, मोफत औषधे, औषध-संवेदनशीलतेची (जंतू कोणत्या औषधांना दाद देतात याची) तपासणी आणि घरातल्या लहान मुलांचा बचाव हे सगळे या एका नोंदीला जोडलेले आहे. ती राहिली तर ते सगळेच अडते, आणि म्हणून तिची निकड आहे.

नोंदीचे बंधन वैद्यकीय शाखा पाहत नाही. पुण्यात फॅमिली डॉक्टर म्हणून काम करणाऱ्यांत आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे पदवीधर मोठ्या संख्येने आहेत, आणि क्षयरोगाचे निदान किंवा उपचार करणाऱ्या प्रत्येक वैद्यकीय व्यावसायिकाला हे बंधन सारखेच लागू आहे. प्रत्यक्षात नोंद सुटते ती बहुधा दोन डॉक्टरांच्या मधल्या फटीत. फॅमिली डॉक्टर रुग्णाला छातीच्या तज्ज्ञांकडे पाठवतात आणि नोंद तिकडे होईल असे धरून चालतात. तज्ज्ञ औषध लिहून रुग्णाला परत पाठवतात आणि नोंद नेहमीचे डॉक्टर करतील असे समजतात. म्हणून रुग्ण परत आला की त्याच्या कागदांवर निक्षय आयडी, म्हणजे नोंद झाल्यावर मिळणारा ओळख क्रमांक, आहे का, हे आधी पाहावे. नसेल तर तज्ज्ञांना एक फोन करून विचारावे, आणि तिकडे नोंद झालेली नसल्यास ती स्वतः करावी. दुबार नोंद होईल या शंकेने थांबण्याचे कारण नाही, कारण मिळतीजुळती नोंद आधीच असेल तर ती प्रणालीत शोधता येते आणि क्षयरोग कार्यालयातील कर्मचारी दुबार नोंदी एकत्र करू शकतात.

आपला दवाखाना कोणाच्या हद्दीत येतो

पुणे परिसरातल्या डॉक्टरांचा सर्वात जास्त वेळ जातो तो या प्रश्नात, म्हणून तो सविस्तर पाहू. क्षयरोग कार्यक्रमाच्या दृष्टीने येथे तीन स्वतंत्र यंत्रणा आहेत : पुणे महानगरपालिकेचे शहर क्षयरोग अधिकारी, पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचे शहर क्षयरोग अधिकारी आणि ग्रामीण भागासाठी जिल्हा क्षयरोग अधिकारी. मुंबई-बंगळूर महामार्गाच्या आसपास काही किलोमीटरच्या टप्प्यात बाणेर पुणे महापालिकेत, वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये आणि हिंजवडी ग्रामीण भागात येते. एकाच दवाखान्यात सकाळपासून दुपारपर्यंत तिन्ही हद्दींतले रुग्ण येऊन गेले तरी त्यात नवल नाही.

त्यात महापालिकेची हद्द गेल्या काही वर्षांत बदलत राहिली आहे. २०१७ मध्ये लोहगाव, धायरी, आंबेगाव, शिवणे, उंड्री यांसह ११ गावे पुणे महापालिकेत आली, आणि २०२१ मध्ये वाघोली, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, किरकटवाडी, मांजरी बुद्रुक यांसह आणखी २३ गावे आली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे २०१७ मध्ये महापालिकेत आली होती, पण २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. पुणे आणि खडकी येथील कटक मंडळांच्या (कॅन्टोन्मेंट बोर्डांच्या) हद्दी यापेक्षा निराळ्या. यावरून नियम एवढाच लक्षात ठेवावा की दवाखान्याची नोंदणी दवाखाना ज्या हद्दीत आहे तेथील कार्यालयाकडे होते, आणि रुग्णाच्या घरी भेट देण्याचे व घरच्यांच्या तपासणीचे काम त्याच्या राहत्या पत्त्यावरून ठरणाऱ्या क्षयरोग पथकाकडे, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या ‘टीबी युनिट’कडे, जाते. रुग्ण दुसऱ्या हद्दीतला आहे म्हणून त्याची नोंद नाकारू किंवा पुढे ढकलू नये. आपण आपल्या दवाखान्याच्या नावाने नोंद करावी, पत्ता अचूक भरावा, म्हणजे पुढील हस्तांतर यंत्रणेला करता येते.

पत्ता अचूक भरणे ही बाब किरकोळ वाटली तरी बरेच काही तिच्यावर अवलंबून असते. ‘आंबेगाव’ एवढेच लिहिल्यास बुद्रुक की खुर्द हे कळत नाही, आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या रुग्णाने आधार कार्डावरचा गावाकडचा पत्ता दिला तर टीबी हेल्थ व्हिजिटर, म्हणजे घरभेट देणारा क्षयरोग कर्मचारी, त्याच्यापर्यंत पोहोचूच शकत नाही. सध्या राहण्याचा पत्ता, जवळची खूण आणि चालू असलेला मोबाइल क्रमांक या तीन गोष्टी रुग्णासमोर बसून विचारून घ्याव्यात.

दवाखान्याची एकदाच करायची नोंदणी

रुग्णाची नोंद करण्यापूर्वी दवाखाना निक्षय प्रणालीत आरोग्य संस्था म्हणून नोंदलेला असावा लागतो. हे काम एकदाच करायचे असते. निक्षयच्या संकेतस्थळावर अर्ज भरता येतो, किंवा आपल्या भागातील टीबी युनिटच्या वरिष्ठ उपचार पर्यवेक्षकाकडे माहिती देऊन त्यांच्यामार्फत नोंदणी करून घेता येते. दिवसभर रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांना मी दुसरा मार्ग सुचवीन, कारण त्या निमित्ताने पुढे सतत लागणाऱ्या माणसाची ओळख होते. दवाखान्याचे नाव व पूर्ण पत्ता, डॉक्टरांचे नाव, संबंधित वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक, मोबाइल क्रमांक आणि ईमेल ही माहिती लागते. मानधनासाठी बँक खात्याचा तपशील द्यावा लागतो, त्यासाठी नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि रद्द केलेला धनादेश हाताशी ठेवावा. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखालचे प्रमाणपत्र खाटा असलेल्या शुश्रूषागृहांना लागू असते, त्यामुळे केवळ बाह्यरुग्ण तपासणाऱ्या दवाखान्याने ते नाही म्हणून अडून राहू नये. कार्यालयाने मान्यता दिल्यावर लॉगिन मिळते आणि संगणकावरून किंवा मोबाइल अ‍ॅपवरून नोंद करता येते.

रुग्णाची नोंद : माहिती आणि कागदपत्रे

नोंद निदान होताच करावी. संशयित रुग्णाचीही तपासणीसाठी नोंद करता येते, आणि निदान झाल्यावर तीच नोंद पुढे चालू राहते. नाव, वय, लिंग, पत्ता व मोबाइल याशिवाय आजार फुप्फुसाचा की अन्य अवयवाचा, पूर्वी क्षयरोगाचे उपचार झाले होते का, निदान कोणत्या तपासणीने आणि कोणत्या तारखेला झाले, वजन व उंची, औषध कधी सुरू झाले, तसेच मधुमेह आणि एचआयव्ही तपासणीची स्थिती ही माहिती विचारली जाते. प्रत्येक क्षयरुग्णाची मधुमेह आणि एचआयव्हीसाठी तपासणी करावी असे कार्यक्रमाचे धोरण असल्याने हे दोन रकाने रिकामे सोडू नयेत.

कागदपत्रांत तपासणीचे अहवाल, औषधाची चिठ्ठी, ओळखपत्र आणि पोषण भत्त्यासाठी रुग्णाच्या बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत पुरते. रुग्ण लहान मूल असेल तर पालकांच्या खात्याचा तपशील द्यावा. आधार कार्ड किंवा बँक खाते त्या दिवशी जवळ नसले तरी आजाराची नोंद थांबवू नये. भत्त्याचा तपशील नंतर भरता येतो, परंतु तो खरोखर भरला गेला का हे पुढच्या भेटीत आठवणीने पाहावे लागते. बँक खाते बंद पडलेले असणे किंवा नावातले स्पेलिंग न जुळणे एवढ्या कारणानेही पैसे अडकतात, आणि त्याची चौकशी करायला रुग्ण कोणत्याही कार्यालयात जाण्याआधी आपल्या डॉक्टरांकडेच येतो.

ऑनलाइन नोंद शक्य नसल्यास छापील नमुना भरून टीबी युनिटकडे देता येतो. अडचण आल्यास निक्षय संपर्क हा निःशुल्क क्रमांक १८००-११-६६६६ आहे, तेथे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही विचारणा करता येते.

तपासणीबद्दल थोडेसे

दोन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा ताप, लक्षणीय वजन घटणे, थुंकीतून रक्त, छातीच्या एक्स-रेमध्ये दोष यांपैकी काहीही असल्यास थुंकीची रेणवीय तपासणी, म्हणजे सीबीनॅट किंवा ट्रूनॅट, करून घ्यावी. तिच्यातून जंतू रिफाम्पिसिन या क्षयरोगावरील मुख्य औषधाला दाद देतात की नाही हेही कळते, आणि सरकारी यंत्रणेत ती मोफत आहे. रक्तातील अँटिबॉडींवरून क्षयरोग ठरवणाऱ्या तपासण्यांवर भारतात २०१२ पासून बंदी आहे.

रुग्णाला काय मिळते, डॉक्टरांना काय मिळते

निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८ मध्ये दरमहा ५०० रुपयांनी सुरू झाली, आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम दरमहा १,००० रुपये आहे. सहा महिन्यांच्या उपचारासाठी ती ३,००० रुपयांच्या दोन हप्त्यांत थेट खात्यात जमा होते, त्यांतला पहिला हप्ता उपचाराच्या सुरुवातीला आणि दुसरा ८४ दिवस पूर्ण झाल्यावर मिळतो. यासाठी उत्पन्नाची अट नाही, आणि खासगी डॉक्टरांकडे उपचार घेणारा रुग्णही तितकाच पात्र आहे. ही शेवटची गोष्ट अनेक रुग्णांना कोणी सांगितलेलीच नसते. घरात मिळवता एकच असेल आणि तोच आजारी पडला असेल, तर अंडी, डाळ, दूध यांचा खर्च भागवायला ही रक्कम किती उपयोगी पडते हे ज्याने अशी घरे पाहिली आहेत त्याला सांगावे लागत नाही. निक्षय मित्रांकडून, म्हणजे क्षयरुग्णांच्या मदतीसाठी स्वेच्छेने पुढे आलेल्या व्यक्ती किंवा संस्थांकडून, मिळणारा शिधा हा वेगळा लाभ आहे आणि त्यासाठी रुग्णाची संमती घ्यावी लागते.

डॉक्टरांना नोंदीसाठी ५०० रुपये आणि उपचाराचा अंतिम निष्कर्ष कळवल्यावर आणखी ५०० रुपये मानधन आहे. दुसरा हप्ता अनेकांचा राहून जातो, कारण सहा महिन्यांनंतर नोंद पुन्हा उघडून ‘उपचार पूर्ण’, ‘बरा झाला’ किंवा जे घडले असेल ते भरण्याची आठवण कोणालाच राहत नाही. औषध सुरू केल्याच्या दिवशीच संपण्याची अपेक्षित तारीख रुग्णाच्या फाइलवर लिहून ठेवणे हा त्यावर सोपा उपाय आहे.

नोंद केली तर रुग्ण सरकारी दवाखान्यात ओढला जाईल, ही शंका डॉक्टर खासगीत बोलून दाखवतात. तिच्याकडे गांभीर्याने पाहायला हवे. नोंद झालेला रुग्ण आपल्याच डॉक्टरांकडे उपचार चालू ठेवू शकतो, आणि डॉक्टरांची इच्छा असेल तर कार्यक्रमातील मोफत एकत्रित मात्रेच्या (एकाच गोळीत अनेक औषधे असलेल्या) गोळ्या टीबी युनिटमार्फत त्याला मिळू शकतात. रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि मधुमेहाच्या काही औषधांचा परिणाम कमी होतो. अशा वेळी घरातल्या सगळ्यांचे जुने आजार ठाऊक असलेल्या डॉक्टरांची गरज उलट वाढते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या रुग्णाला मात्र विशेष उपचार केंद्राकडेच पाठवावे.

गोपनीयता, घरचे लोक आणि स्थलांतर

लग्न ठरलेली मुलगी किंवा वसतिगृहात राहणारा विद्यार्थी कधी नोंद करू नका अशी विनवणी करतो. अशा वेळी रुग्णाशी शांतपणे बोलावे. नोंद रुग्णाच्या मर्जीवर अवलंबून नाही, पण त्याची माहिती गोपनीय ठेवली जाते, आणि घरभेटीची वेळ किंवा संपर्काचा क्रमांक त्याच्या सोयीने ठरवण्याची विनंती डॉक्टर टीबी युनिटला करू शकतात. फुप्फुसाच्या क्षयरोगात एका घरात राहणाऱ्या सर्वांची लक्षणांसाठी तपासणी करावी आणि आजार नसल्याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक उपचाराचा विचार करावा, त्यात पाच वर्षांखालील मुलांना प्राधान्य द्यावे.

बांधकामावरचे मजूर आणि बाहेरगावचे विद्यार्थी अर्ध्या उपचारात पुणे सोडतात. निक्षय आयडी देशभर चालतो, त्यामुळे रुग्ण निघण्यापूर्वी टीबी युनिटला कळवून त्याची नोंद नव्या ठिकाणी हस्तांतरित करून घ्यावी, आयडी त्याच्या चिठ्ठीवर ठळक लिहून द्यावा आणि प्रवासात खंड पडणार नाही इतक्या गोळ्या सोबत असल्याची खात्री करावी. सलग एक महिना औषध बंद राहिल्यास उपचार खंडित धरले जातात. गावी पोहोचल्यावर तिथल्या आरोग्य केंद्रात हाच आयडी दाखवायचा, हे रुग्णाबरोबर आलेल्या नातेवाइकालाही सांगून ठेवावे.