विमान बघता बघता पेंग्विन खरंच मागे पडतात का?

"वरून विमान गेलं की पेंग्विन मान वर करून बघत राहतात आणि धपकन पाठीवर पडतात", हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय, १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्धातल्या पायलटांच्या गप्पांमधून आलाय म्हणतात.

पण २००० च्या सुमारास दक्षिण अटलांटिकमधल्या साऊथ जॉर्जिया बेटावर किंग पेंग्विनच्या वसाहतीवरून मुद्दाम हेलिकॉप्टर नेऊन बघितलं गेलं, एकही पक्षी पडला नाही. आवाज जवळ आला तसा कलकलाट थांबला, ज्यांच्याकडे अंडं-पिल्लू नव्हतं त्यातले काही चालत बाजूला गेले, बस.

काळजीची गोष्ट वेगळीच आहे, घाबरून आईबाप हलले की अंडं उघडं पडतं आणि अंडी-पिल्लं पळवणारे स्कुआ पक्षी टपलेलेच असतात, म्हणून तर अंटार्क्टिकात विमानांनी वसाहतीच्या वर निदान ६१० मीटर राहावं अशी सूचना आहे.

एम्परर पेंग्विन तर सॅटेलाइटवरूनही शोधतात. समुद्रावरच्या बर्फावर त्यांच्या विष्ठेचा तपकिरी डाग उठून दिसतो, बर्फ लवकर फुटला की डागही गायब, तेही कळतं. लँडसॅट या अमेरिकन उपग्रहांचे फोटो फुकट मिळतात, स्वतः बघा. आणि ड्रोनने काढलेला वसाहतीचा न कापलेला व्हिडिओ मिळाला तर पक्ष्यांच्या पायांकडे नीट लक्ष द्या, पडतात की नुसते चालत बाजूला जातात ते दिसेल.